बाबांच्या स्टुडिओतल्या टेपा, सात हार्ड डिस्क आणि घरातला नास: काय घेऊ, कसं लावू?

स्टुडिओवाला, शहापूर (बेळगाव)
११ मे, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी. शहापुरात आमचा फोटो स्टुडिओ होता. बाबांनी तो चार वर्षांपूर्वी बंद केला, माल माळ्यावर तसाच पडून आहे. परवा रविवारी सगळं खाली काढलं. मिनी-डीव्ही टेपा ६२ निघाल्या: लग्नं, मुंजी, शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुका, येळ्ळूर आणि कडोलीची साहित्य संमेलनं. २००६ नंतरचे डिजिटल फोटो सात बाहेरच्या हार्ड डिस्कवर आणि शंभरेक डीव्हीडींवर आहेत. शिवाय एका ट्रंकेत पणजोबांच्या जमिनीची मोडीतली कागदपत्रं. ती स्कॅन करायची आहेत.

सातपैकी एक डिस्क लावली तर आतून टक-टक-टक आवाज यायला लागला आणि कॉम्प्युटरला ती दिसेनाच. २०११ आणि २०१२ ची सगळी लग्नं तीत आहेत. तेव्हापासून झोप नाही.

गुगलवर टाकावं तर १ जून २०२१ पासून फुकटची सोय गेली, आणि एवढ्या मालाला दरमहा भाडं भरत बसायचं मनाला पटत नाही. ताई कोल्हापुरात, धाकटा भाऊ पुण्यात. तिघांनाही बघता यावं म्हणून नास (म्हणजे नेटला जोडून ठेवायचा हार्ड डिस्कचा डबा) घ्यावा असं वाटतंय. मी बँकेत कारकून आहे, इंजिनिअर नाही, तेव्हा समजेल असं सांगा.


जुना_सिसॅडमिन, टिळकवाडी
११ मे, रात्री ११:०५

पहिलं काम: ती टक-टक करणारी डिस्क परत लावू नका. एकदाही नाही. आतलं हेड पाटीला घासत असेल तर प्रत्येक वेळी लावल्यावर थोडा थोडा माल खरवडून जातो. फ्रीजरमध्ये ठेवा, हळूच ठोका असले सल्ले यूट्यूबवर मिळतील, त्यांच्या नादाला लागू नका. नीट गुंडाळून बाजूला ठेवा आणि रिकव्हरीचा खर्च परवडेल तेव्हा जाणकाराकडे द्या.

बाकीच्या सहांमधला माल आधी उतरवा. नास येईपर्यंत थांबू नका.

आता हिशेब. मिनी-डीव्हीची तासाभराची टेप फायरवायरनं (कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरला जोडायच्या वायरीनं) उतरवली की साधारण १३ जीबी होते. ६२ टेपा म्हणजे ८०० जीबीच्या आसपास. ए-फोर आकाराचं रंगीत पान ३०० डीपीआयवर न दाबता ठेवलं तर २५-२६ एमबी. हजार पानं धरली तरी २६ जीबी, ते किरकोळ. फोटो किती ते तुम्हीच मोजा. मला वाटतं दोन खणांचा नास आणि ४ टीबीच्या दोन डिस्क पुष्कळ झाल्या. दोन्हींवर तोच माल, म्हणजे वापरायला जागा ४ टीबीच. विंडोजमध्ये ती ३.६ दिसेल, दुकानदारानं फसवलं म्हणून भांडायला जाऊ नका. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच फरक.


निपाणी_नाका
१२ मे, सकाळी ७:३०

जुना पीसी पडलाय का घरात? मग विकतचा डबा कशाला घ्यायचा गा? त्यात ओपन मीडिया व्हॉल्ट (ओएमव्ही) टाका, पीसीचाच नास करतंय, फुकट हाय, डेबियन लिनक्सवर चालतंय. मी तीन वर्सं वापरतोय. वखारीतला जुना पीसी, ४ जीबी रॅम, काही त्रास न्हाई.


जुना_सिसॅडमिन
१२ मे, सकाळी ९:१५

निपाणीकर, तुमचं बरोबर आहे, ओएमव्ही उत्तम. पण विजेचा हिशेब करा. जुना पीसी नुसता चालू राहिला तरी ६० वॅट सहज ओढतो, म्हणजे महिन्याला ४३ युनिट. दोन खणांचा नास १८ वॅट धरला तर १३ युनिट. आपल्याकडे गृहज्योतीचं, म्हणजे कर्नाटक सरकारच्या फुकट घरगुती विजेच्या योजनेचं, प्रकरण आहे. २०० युनिटच्या वर गेलात की त्या महिन्याचं पूर्ण बिल अंगावर. १७५-१८० वर चालणाऱ्या घरात हा जुना पीसी म्हणजे काठावरच्याला मागून दिलेला धक्का.


निपाणी_नाका
१२ मे, सकाळी ९:४०

ह्ये कधी डोस्क्यातच आलं न्हाई. वखारीचं मीटर येगळं हाय म्हणून वाचलो.


खानापूरची_माई
१२ मे, दुपारी २:१०

मी निवृत्त शिक्षिका. नातवानं मागे नास लावून दिला म्हणून वाचते आहे. दुकानात एक जण म्हणाला ‘रेड करा’, दुसरा म्हणाला ‘रेड घ्या’. लाल डिस्क घेतली की दोन्ही होतं का?


जुना_सिसॅडमिन
१२ मे, रात्री ८:५०

माई, हा घोळ सगळ्यांचाच होतो. एक रेड म्हणजे डिस्क जोडायची पद्धत. रेड १ म्हणजे आरसा, जे एकीवर तेच दुसरीवर. एक मेली तर दुसरीवर काम चालू राहतं. दुसरं रेड म्हणजे वेस्टर्न डिजिटलच्या डिस्कच्या मालिकेचं नाव, त्याचा अर्थ खरोखरच लाल.

आणि लाल घेताना एक बघायचं. २०२० साली उघड झालं की त्या साध्या रेड मालिकेतल्या काही डिस्क एसएमआर पद्धतीच्या आहेत. तुमच्या खानापूरच्या घराला कौलं असतील ना? एसएमआरमध्ये लिहिण्याच्या रेघा कौलांसारख्या एकीवर एक चढवलेल्या असतात, म्हणून थोड्या जागेत जास्त माल बसतो. पण मधलं एक कौल बदलायचं तर वरची ओळ उचलावी लागते. तसंच ही डिस्क एक ओळ बदलायला शेजारच्या कितीतरी ओळी पुन्हा लिहिते. एरवी कळत नाही. नासमध्ये एक डिस्क मेली आणि नवीवर सगळा माल चढवायची वेळ आली की ती रडते. तेव्हा सीएमआर (म्हणजे रेघा एकीवर एक न चढवणारी) असं स्पष्ट लिहिलेली घ्या. रेड प्लस आहे, सीगेटची आयर्नवुल्फ आहे.

आणखी एक. दोन्ही डिस्क एकाच दुकानातून एकाच दिवशी घेऊ नका. एकाच लॉटमधल्या असल्या तर म्हाताऱ्याही एकदमच होतात.


स्टुडिओवाला
२४ मे, रात्री ९:३०

घेतला! दोन खणांचा, तयार डबा. एक डिस्क इथून खडेबाजारातून, दुसरी भावानं पुण्याहून पाठवली. लावायला अर्धा तास लागला. फाइल सिस्टिम विचारली तेव्हा सिसॅडमिन काकांनी फोनवर सांगितल्याप्रमाणे बीटीआरएफएस निवडली. (घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, काही स्वस्त मॉडेलांत ती मिळत नाही, स्नॅपशॉट, म्हणजे माल त्या वेळी होता तसा परत आणता येईल अशा नोंदी, हवे असतील तर आधी विचारा.) राउटरमध्ये जाऊन डब्याला कायमचा पत्ता राखून ठेवला, ॲडमिन नावाचं खातं बंद केलं, आईला आणि मला वेगवेगळी खाती दिली.

पण एक खुपतंय. टेपांच्या फाइली चढवायला लागलो तर वेग सेकंदाला ११ एमबी, त्याच्या पुढे जातच नाही. ८०० जीबीला वीस तास. सगळीकडे वाचतोय की ११० मिळायला हवा. डबा खराब लागला का?


वडगावचा_विणकर
२४ मे, रात्री ९:५०

११ म्हणजे वायर. बघा की ओ, शंभर टक्के वायर. मी घराघरांत नेट बसवायचं कामच करूलालोय. त्या वायरच्या टोकाचा प्लास्टिकचा पारदर्शक कनेक्टर उजेडात धरा आणि आत किती तारा दिसतात ते मोजा. आठ पाहिजेत.


स्टुडिओवाला
२४ मे, रात्री १०:१५

मोजल्या. चारच आहेत. नारिंगी जोडी आणि हिरवी जोडी. निळ्या आणि तपकिरी तारा कनेक्टरच्या बाहेरच कापून टाकल्यात.


वडगावचा_विणकर
२४ मे, रात्री १०:२२

बघा, म्हटलं न्हवं का? शंभरच्या वेगाला चार तारा पुरतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या खाचेतल्या. गिगाबिटला आठच्या आठ लागतात. लावणाऱ्यानं नेट चाललं की हात झटकले असणार. घाईत मीही असलं काम केलंय कधी काळी, खोटं कशाला बोलू.

नवीन कनेक्टर घ्या, क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच. हिरव्या जोडीच्या मधे निळी जोडी बसते, तिथंच सगळे चुकतात. क्रिम्पिंगचा चिमटा नसला तर तयार वायर आणा, कॅट ५ई सुद्धा चालते, महागडी नको. नुसता डबा आणि राउटर यांच्यातली वायर बदलून भागत नाही, कॉम्प्युटरकडची पण बघा.


स्टुडिओवाला
२५ मे, सायंकाळी ६:४०

१०९. दोन्ही वायरी बदलल्या. चार तारांनी दहापट वेळ खाल्ला म्हणायचा. विणकर, एकदा स्टुडिओच्या बाकड्यावर चहाला या.


डीटीपी_दादा, गणपत गल्ली
२७ मे, दुपारी १२:३०

मी छपाईवाला, माझं दुखणं वेगळं आहे, ते स्टुडिओवाल्यांच्या उपयोगी पडेल. १९९८ पासूनच्या लग्नपत्रिका, स्मरणिका, संमेलनांच्या पुस्तिका माझ्याकडे आहेत. सगळं पेजमेकरमध्ये आणि श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत. फाइली जपल्या, फॉन्ट जपले नाहीत. आता उघडल्या की ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि डॉलरची चिन्हं. जुने फॉन्ट युनिकोड नव्हते, मराठी अक्षर दिसायचं पण आत साठायचं काहीतरी तिसरंच.

म्हणून फाइलीशेजारी फॉन्टांचा फोल्डर ठेवा, आणि प्रत्येकीची एक पीडीएफ काढून ठेवा, तीत फॉन्ट आतच बसतो. नासमध्ये हजार वर्षं टिकलं आणि वाचताच येईना, तर काय करायचं ते घेऊन?


स्टुडिओवाला
३० मे, रात्री ११:१०

दादांनी मराठी अक्षरांचा विषय काढला म्हणून माझी परवाची गंमत सांगतो.

घरात चोरी झाली आणि कुणी डबाच उचलून नेला तर, या भीतीनं मी एक फोल्डर एन्क्रिप्ट केला. बाबांच्या शिस्तीप्रमाणे फाइलींना पूर्ण नावं दिली होती, उदाहरणार्थ ‘२००८-०५ शहापूर शिवजयंती चित्ररथ मिरवणूक नाथ पै चौक टेप क्रमांक ३’. साध्या फोल्डरात ही फाइल गुमान गेली. एन्क्रिप्ट केलेल्यात जाईना. ‘नाव फार लांब’ म्हणे. तेवढ्याच लांबीचं इंग्रजी नाव मात्र जात होतं. मला वाटलं डब्याला मराठीचं वावडं आहे. आपल्या भागात अशी शंका लगेच येते!


जुना_सिसॅडमिन
३१ मे, सकाळी ८:००

हाहा. डब्याला भाषावादात ओढू नका, तो बाइट मोजतो. साध्या फोल्डरात नावाची मर्यादा २५५ बाइट असते, तुमच्या एन्क्रिप्ट केलेल्या फोल्डरात १४३. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, देवनागरी तीन बाइटांचं. म्हणजे १४३ मध्ये देवनागरीची जेमतेम ४७ चिन्हं बसतात.

आणि चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. ‘क्रमांक’ आपल्याला तीन अक्षरांचं दिसतं. यंत्र मोजतं: क, हलन्ताचा पाय, र, म, काना, अनुस्वार, क. झाली सात. २१ बाइट एका शब्दाला. जोडाक्षरं जितकी तितका माल जास्त. आकडेसुद्धा देवनागरी घातलेत, तेही तीन-तीन बाइट खातात.

तारीख इंग्रजी आकड्यांत घाला, म्हणजे क्रमही नीट लागेल. नाव आखूड ठेवा आणि सविस्तर माहिती त्याच फोल्डरात एका साध्या टेक्स्ट फाइलीत मराठीत लिहा: कोण, कुठं, कुठली टेप. नव्या आवृत्त्यांत पूर्ण व्हॉल्यूमच (डब्यातली सगळी जागा) एन्क्रिप्ट करता येतो, त्यात हा त्रास नाही, पण ते सुरुवातीलाच ठरवावं लागतं. आणि त्याची चावी कागदावर छापून डब्यापासून लांब ठेवा. चावी हरवली तर चोराला आणि तुम्हाला सारखंच कुलूप.


खानापूरची_माई
२ जून, सकाळी १०:४५

आकाशातल्या विजेबद्दल कुणी बोललं नाही, मी बोलते. गेल्या वळवात आमच्याकडे कडकडाट सुरू झाल्यावर मी घरभर फिरून सगळे प्लग काढले. टीव्ही, फ्रिज, कॉम्प्युटर, सगळे. तरी दुसऱ्या दिवशी राउटर मेलेला आणि कॉम्प्युटरचं नेटचं भोक मेलेलं. नातू म्हणाला, आजी, प्लग काढलेस पण नेटची वायर राहिली. आमचं जुनं घर आणि मागचं नवं घर यांच्यामधे अंगणावरून वायर गेली होती. पन्नास फूट उघड्यावर.


वडगावचा_विणकर
२ जून, दुपारी १:३०

माई, ती वायर तांब्याची. जवळपास वीज कोसळली की अंगणावरची लांब वायर हवेतनंच दणका ओढून घेते. दोन घरांच्या मधे काच टाकायची, म्हणजे फायबर. दोन्ही टोकांना एकेक मीडिया कन्व्हर्टर. काचेतनं उजेड जातो, करंट जात न्हाई. घरातल्या घरात तांबं चालतं.


स्टुडिओवाला
२ जून, रात्री ९:००

आमच्याकडे इन्व्हर्टर आहे, वीज गेली तरी डबा चालू राहतो. वेगळा यूपीएस लागेल का?


जुना_सिसॅडमिन
२ जून, रात्री ९:५५

इन्व्हर्टरच्या पाठीमागे एक छोटा खटका असतो, एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको. नॉर्मलवर असला तर वीज गेल्यावर तो बॅटरीवर जायला वेळ लावतो. पंख्याला कळत नाही, कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. यूपीएसवर टाकला की चट्दिशी जातो. पण मग तो व्होल्टेजच्या बाबतीत सोवळा होतो, १८० च्या आसपास खाली आलं की सरळ बॅटरी वापरतो. खेड्यात पंप सुरू झाले की व्होल्टेज उतरतं, तिथं बॅटरी रोज संपेल. शहापुरात चालून जाईल.

खरी अडचण वेगळीच. बॅटरी संपत आली हे इन्व्हर्टर डब्याला सांगत नाही. रात्री तीन तास वीज गेली, इन्व्हर्टर आडवा झाला, डबा लिहिता लिहिता मेला. यूएसबी असलेला ६०० व्हीएचा साधा यूपीएस घ्या, इन्व्हर्टरच्या पुढे लावा, त्याची यूएसबी वायर डब्याला जोडा. इन्व्हर्टर आडवा झाल्यावर पाच मिनिटांनी डबा स्वतःच फाइली मिटून झोपेल. राउटरही त्याच यूपीएसवर घ्या.


पुण्यातला_बेळगावकर
५ जून, रात्री ११:३०

मी स्टुडिओवाल्याचा धाकटा भाऊ, आज खातं काढलं. दादानं मला बाहेरून बघता यावं म्हणून राउटरमध्ये पोर्ट (बाहेरून आत यायचं दार) उघडायचा खटाटोप केला. दोन रात्री गेल्या, लागत नाही.


जुना_सिसॅडमिन
६ जून, सकाळी ८:२०

लागला नाही हे नशीब समजा. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता बघा. १०० नं सुरू होत असेल आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला असेल, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. एका सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो घरं, चाळीला एकच दारावरची घंटा असावी तसं. पोर्ट उघडून उपयोग नाही.

आणि घंटा स्वतःची असती तरी मी उघडू दिलं नसतं. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर प्रोग्रॅमनं इंटरनेटवर उघडे ठेवलेले क्यूनॅप कंपनीचे हजारो नास कुलूपबंद केले आणि चावीसाठी बिटकॉइन मागितले. टेलस्केल टाका, आपल्याच उपकरणांना खासगी वाटेनं जोडणारं ॲप. डब्यावर एक, प्रत्येकाच्या फोनवर एक. सीजीनॅट असो नसो, घरच्या घरी असल्यासारखं दिसतं आणि बाहेरच्याला दारच दिसत नाही.


पुण्यातला_बेळगावकर
६ जून, रात्री ९:१०

झालं. कोथरूडमध्ये बसून २००८ ची मिरवणूक बघितली. एका चित्ररथावर मावळा म्हणून उभा असलेला मीच आहे, मिशी अर्धी निघालेली.


स्टुडिओवाला
१४ जून, रात्री १०:००

एक चूक कबूल करतो. ताई मुलाला घेऊन सुट्टीत आली होती. भाच्याच्या फोनवर मी हौसेनं फोटोंचं ॲप टाकून दिलं. जाताना त्याचा फोन भरला म्हणून त्यानं ‘२०१४’ हा अख्खा फोल्डर पुसला. फोनवरून गेला तसा डब्यावरूनही गेला. दोन्ही डिस्कवरून, एकदम, इमानेइतबारे. आरसाच तो. समोरचा माणूस उठून गेला की आरशातलाही जातो.

स्नॅपशॉट रोज रात्री दोनला घेतला जात होता, त्यामुळे आदल्या रात्रीचं उघडून सगळं परत आणलं. चार मिनिटांत. तेवढ्यात मला घाम फुटला होता. आता भाच्याला नुसतं बघायचं खातं दिलंय.


जुना_सिसॅडमिन
१४ जून, रात्री १०:३०

आता खऱ्या बॅकअपचं बोलू. पीटर क्रोग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं, म्हणजे तुमच्याच धंद्यातल्या माणसानं, एक हिशेब रूढ केला: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. रेडच्या दोन डिस्क मिळून एकच प्रत धरायची. आत्ता तुमच्याकडे एकच आहे.


स्टुडिओवाला
१४ जून, रात्री १०:४५

ताईकडे कोल्हापुरात एक डिस्क ठेवतो. शाहूपुरीत घर आहे तिचं, तळमजला. येणं-जाणंही असतंच.


निपाणी_नाका
१५ जून, सकाळी ७:१०

थांबा. २०१९ चा ऑगस्ट इसरला काय? यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं, गाड्या बंद. त्याच आठवड्यात कोल्हापुरात पंचगंगा शाहूपुरीत शिरली, आणि तुमच्या बेळगावातबी कितीतरी घरांत पाणी हुतं. आमच्या वखारीत कमरंएवढं. माझी एक डिस्क वखारीत, दुसरी पावण्यांकडं कोल्हापुरात. दोन्ही एकाच आठवड्यात बुडाल्या. चाळीसेक किलोमीटर लांब म्हणून मी निवांत हुतो. पण पाऊस एकच की. घाटावर पडला तर हिकडं बी पूर, तिकडं बी पूर.


जुना_सिसॅडमिन
१५ जून, सकाळी ९:००

निपाणीकर, हे मलाही सुचलं नव्हतं. किलोमीटर न मोजता नदी मोजायची. स्टुडिओवाले, प्रत पुण्याला भावाकडे जाऊ दे, आणि तीही वरच्या मजल्यावर.


पुण्यातला_बेळगावकर
१५ जून, रात्री ८:४०

माझा चौथा मजला आहे. जुना पीसी आहे, रोज रात्री तासभर चालू ठेवतो. पण सध्या १.४ टीबी माल आहे आणि दादाच्या नेटचा अपलोड ४० एमबीपीएस. मोजलं तर सलग सव्वातीन दिवस.


वडगावचा_विणकर
१५ जून, रात्री ९:०५

पहिली प्रत नेटनं पाठवूच नका. डिस्क भरा, टॉवेलात गुंडाळा, पुण्याच्या गाडीत मांडीवर घेऊन बसा. पुढचा रोजचा फरक नेटनं जाईल, तो चिमूटभरच असतो. कोगनोळीला सीमेवर गाड्या अडवल्या तरी तो जातोय.


स्टुडिओवाला
२३ जून, रात्री ९:५०

डिस्क पुण्याला पोचली. तिसरी प्रत एका बाहेरच्या डिस्कवर, महिन्यातून एकदा लावतो, भरून झाली की वायर काढून बँकेतल्या माझ्या टेबलाच्या खणात. (साहेबांना सांगून.)

टेपांचं काम निम्म्यावर आलंय, ३४ झाल्या. पाच टेपांवर पांढरी बुरशी दिसली, त्या डेकमध्ये घातल्या नाहीत. एक घातली असती तर हेडावरची घाण पुढच्या टेपांना लागली असती. बाबांनीच ओरडून थांबवलं. काम सोडून चार वर्षं झाली पण माळ्याकडे कान आहे.


स्टुडिओवाला
१९ जुलै, सकाळी ७:२०

काका, तुम्ही म्हणाला होतात तसं पंधरा दिवसांनी स्मार्ट चाचणी (डिस्क स्वतःची तब्येत तपासते ती) बघतो. खडेबाजारातल्या डिस्कवर ‘पेंडिंग सेक्टर’, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागा, ८ आले. गेल्या खेपेला ० होते. डबा अजून हिरवा दाखवतो.


जुना_सिसॅडमिन
१९ जुलै, सकाळी ८:०५

हिरव्यावर विश्वास ठेवू नका. मोठी चाचणी लावा, सात-आठ तास चालेल. आठवड्यात आकडा वाढला तर बदला. एकदा उसळून शून्यावर आला तर लक्ष ठेवा.


स्टुडिओवाला
२६ जुलै, रात्री १०:१५

२४ झाले, मोठी चाचणीही मधेच नापास. नवी आणली. जुनी काढण्याआधी कुठल्या खणात कुठली आहे ते सिरियल नंबर बघून दोनदा खात्री केली. घाईत चांगली काढली असती तर थेट पुणं गाठावं लागलं असतं. माल परत चढायला नऊ तास लागले. रात्रभर मी तीनदा उठून बघितलं. वॉरंटीत आहे, पण आत माल आहे म्हणून परत पाठवण्याआधी पूर्ण पुसली.


खानापूरची_माई
२७ जुलै, सकाळी ११:००

डबा कुठं ठेवलाय? आमच्याकडे या दिवसांत भिंतीला हात लावला तर ओला होतो.


स्टुडिओवाला
२७ जुलै, दुपारी १:१५

आधी स्टुडिओतल्या लोखंडी कपाटात ठेवला होता, तिथं डिस्क ५१ अंशांपर्यंत तापल्या. बाहेर काढून आतल्या भिंतीच्या फळीवर ठेवला, भिंतीपासून वीतभर पुढे. आता ३८-४०. दिवसरात्र चालू असतो म्हणून स्वतःच कोमट राहतो, ओल धरत नाही. बंद पडून असलेल्या बाहेरच्या डिस्कला मात्र हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवलंय. बाबांच्या लेन्सांचा जुना डबा कामी आला.


डीटीपी_दादा
२७ जुलै, दुपारी ३:००

मुंग्यांचं बघा. माझ्या राउटरात लाल मुंग्यांनी अंडी घातली होती. उबदार जागा त्यांना लगेच कळते.


स्टुडिओवाला
२ ऑगस्ट, रात्री ९:२०

फळीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्यात, आई दुधाच्या पातेल्याला करते तशाच.

आता शेवटची तक्रार आईची आहे. डब्याचा निळा दिवा रात्रभर लुकलुकतो आणि फळी तिच्या खाटेसमोर आहे. झोप लागत नाही म्हणते.


जुना_सिसॅडमिन
२ ऑगस्ट, रात्री ९:४०

सेटिंगमध्ये हार्डवेअरच्या पानावर दिव्याचा उजेड कमी करता येतो. वेळापत्रकही लावता येतं, रात्री १० ते ६ बंद.


स्टुडिओवाला
३ ऑगस्ट, सकाळी ७:००

ते करायला सकाळी उठलो तर आईनं रात्रीच दिव्यावर टिकली चिकटवून टाकली होती. मोठी, मरून रंगाची. आता डिस्कचा आकडा बघायला जातो तेव्हा डबा माझ्याकडे बघतोय असं वाटतं.

३५ वी टेप आज लावतो. कडोलीचं संमेलन, बाबा म्हणतात बहुतेक २००३.